फाउंड्रीतली वाळू फिरती ठेवायची आहे? मशीनच्या कोटेशनआधी ढीग वेगळे करा

शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना आहे. वडिलांनी क्युपोलावर, म्हणजे कोकच्या उभ्या भट्टीवर सुरू केली, आता विजेची इंडक्शन भट्टी आहे. साचे वाळूचेच: एका बाजूला ग्रीन सँडचं (माती मिसळलेल्या ओलसर वाळूचं) मोल्डिंग, दुसऱ्या बाजूला मोठ्या कास्टिंगसाठी, म्हणजे ओतीव भागांसाठी, फ्युरान नो-बेक (न भाजता रेझिनने, म्हणजे रासायनिक डिंकाने घट्ट होणारी वाळू) आणि मागे शेल कोअरचं छोटं कोअरशॉप. कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा. कोल्हापूर भागातल्या बहुतेक लहान फाउंड्र्यांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं.

वाळूचा विषय आम्ही हौसेने हातात घेतला नाही. मागच्या गेटजवळचा काळा ढीग वाढत वाढत कंपाउंडच्या भिंतीएवढा झाला, आणि आमच्याच ट्रॅक्टरवाल्याने एका रात्री चार ट्रॉल्या ओढ्याकाठी रिकाम्या केल्या. सकाळी शेतकरी गेटवर. चूक आमचीच होती, बोलायला तोंड नव्हतं. ती वाळू परत भरून आणली तेव्हा कळलं की विकत आणण्यापेक्षा टाकून दिलेली वाळू उचलणं महाग पडतं.

'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द आता ग्राहकाच्या ऑडिटमध्येही येतो. फाउंड्रीवाल्याला त्यात निम्मं तरी ओळखीचंच आहे. आपण ओततो ते लोखंड मुळात भंगार, आणि रनर-रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत आणि साठ्यांत गोठलेला धातू) पुन्हा भट्टीत टाकायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. लोखंडाचं चक्र पहिल्यापासून आहे. तुटलंय ते वाळूचं. म्हणून हा लेख मुख्यतः वाळूवर आहे, धातूचं थोडं शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मी ती उलट्या क्रमाने केली. मी आधी रिक्लमेशन प्लांटची, म्हणजे जुनी वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रणेची कोटेशनं मागवली, मग वाळू तपासली. वाळूचा रिपोर्ट आला तेव्हा समजलं की आमच्या ढिगाला कुठलंच मशीन लागू पडत नाही, कारण त्या ढिगात सगळं एकत्र झालं होतं.

१. चार आठवडे फक्त मोजा

काही बदलू नका. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी काट्यावर न्या आणि पावत्या एका फाइलला लावा. नवी वाळू किती टन, बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोलडस्टची (कोळशाच्या भुकटीची) पोती किती, रेझिन किती किलो, ओतलेला माल किती, बाहेर गेलेली वाळू किती ट्रॉल्या. ट्रॉलीचं वजन अंदाजाने लिहू नका. ओली वाळू आणि कोरडी वाळू यांत बराच फरक पडतो, आणि पावसाळ्यात तुम्ही पाण्याचंच भाडं भरत असता.

मोजणी झाली की दोन आकडे काढा. एक टन चांगल्या कास्टिंगमागे नवी वाळू किती लागते आणि किती बाहेर जाते. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर ठरतं. आमच्या मोजणीत पहिल्याच आठवड्यात एक फट दिसली: कोअरशॉपमध्ये नव्या वाळूची पोती फाटून जमिनीवर सांडत होती आणि रोज संध्याकाळी ती झाडून काळ्या ढिगावर जात होती. तिच्यासाठी प्लांट लागत नाही, चांगलं पोतं आणि एक फावडं लागतं.

२. ढीग वेगळे करा

या पायरीला पैसे जवळपास लागत नाहीत, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा चुकते.

वाळू म्हणून दिसायला सगळी काळी-करडी, पण प्रत्येकीच्या अंगाला वेगळं काहीतरी चिकटलेलं असतं.

ग्रीन सँडच्या दाण्यावर बेंटोनाइट आणि कोलडस्टचा थर असतो. ही वाळू तशी रोज आतल्या आतच फिरते. पण धातूला लागून असलेल्या थरातलं बेंटोनाइट तापून मरतं, म्हणजे पाणी घालूनही त्याला पुन्हा चिकटपणा येत नाही. शिवाय दर नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढताना, फुटलेल्या कोअरची वाळू त्यात पडते. त्यामुळे सिस्टिममधली वाळू वाढत जाते आणि जास्तीची काढून टाकावी लागते. तुमच्या ढिगात मोठा वाटा याच जास्तीच्या वाळूचा असतो.

शेल कोअरच्या वाळूवर फिनॉलिक रेझिन असतं. ते सेंद्रिय असल्याने जळून जातं. पुनर्वापरासाठी सगळ्यात गुणी वाळू हीच.

फ्युरानच्या वाळूवर रेझिन आणि आम्ल असतं. ही वाळू आम्लधर्मी.

सोडियम सिलिकेटच्या, म्हणजे सीओ-टू प्रक्रियेच्या वाळूवर सोडा असतो. तो जळत नाही, दाण्यावर बसून राहतो आणि वाढत जातो. ही वाळू अल्कधर्मी.

आता शेवटच्या दोन वाळू एकत्र केल्या तर काय होईल? फ्युरान घट्ट होतं आम्लाच्या जोरावर. सोड्याची वाळू ते आम्ल खाऊन टाकते. साचा वेळेत सेट होत नाही, मग पोरं हार्डनर (म्हणजे तेच आम्ल) वाढवतात, तरी कडा ढिसूळच. आमच्याकडे महिनाभर हेच चाललं होतं आणि आम्ही रेझिन पुरवणाऱ्याशी भांडत होतो. आमचे मोल्डिंगचे मामा तीस वर्षं वाळूत हात घालून आहेत. त्यांनी मूठभर वाळू तळहातावर चोळली, फुंकली आणि म्हणाले, "मालक, रेझिनला कशाला शिव्या देताय? ह्या वाळूत काय जीवच न्हाई. पलीकडची वाळू हिच्यात आलीया." झालं होतंही तसंच. लोडरवाला सोयीचं पडेल त्या ढिगावर बकेट रिकामी करत होता.

प्रत्यक्षात आम्ही एवढंच केलं. सिमेंटच्या ब्लॉकचे चार उघडे कप्पे बांधले, तळाला काँक्रीट घातलं, वर पत्रा टाकला. प्रत्येक कप्प्याला रंग दिला: ग्रीन सँडला काळा, शेलला पिवळा, फ्युरानला लाल, सिलिकेटला निळा. ट्रॉल्या आणि बकेटींनाही तेच रंग. पाट्या लावल्या होत्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. रंग मात्र आठवड्यात डोक्यात बसले. आमच्याकडचे निम्मे कामगार मराठी वाचत नाहीत हे मला पाट्या छापून झाल्यावर सुचलं.

कप्प्यांशिवाय एक डबा फक्त नकोशा वस्तूंसाठी ठेवा. त्यात एक्झोथर्मिक स्लीव्हचे (रायझरभोवतीच्या, स्वतः तापणाऱ्या नळीचे) तुकडे, सिरॅमिक फिल्टर, चॅप्लेट (कोअरला आधार देणारे धातूचे टेकू), खिळे आणि वायर जाऊ दे. स्लीव्हकडे विशेष लक्ष द्या. बऱ्याच एक्झोथर्मिक स्लीव्हमध्ये फ्लोराइड असतं. ते फिरत्या वाळूत साठत गेलं की एसजी आयर्नच्या (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या लोखंडाच्या) कास्टिंगवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे येतात. लोक त्याचं कारण धातूत शोधत बसतात.

आणि बॅगफिल्टरची धूळ? तीही वेगळ्या पोत्यात. "वाळूच आहे की" म्हणून ढिगावर टाकली तर ज्या बारीक कणांना बाहेर काढायला फॅन चालवला, तेच परत आत आले.

३. वाळूला बोलतं करा: तपासण्या

लहान फाउंड्रीला एवढं सामान पुरतं:

- चाळण्यांचा संच आणि हलवणारं यंत्र
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- मफल भट्टी (नमुना जाळायची छोटी बंद भट्टी) आणि सिलिकाच्या वाट्या
- ओलावा मापक
- आम्लमागणी (वाळू किती आम्ल खाते ते) तपासायला ब्युरेट, पीएच मीटर आणि नेहमीची रसायनं
- ग्रीन सँड असेल तर मिथिलिन ब्लूची तपासणी (जिवंत बेंटोनाइट किती ते कळतं) आणि कॉम्पॅक्टॅबिलिटीचं (वाळू किती दबते ते मोजायचं) साधन

हे सगळं एकदम घेऊ नका. पहिले सहा महिने बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवले तरी चालतं. मफल भट्टी मात्र लवकर घ्या.

त्यात करायची तपासणी म्हणजे एलओआय, वाळू जाळल्यावर वजनात होणारी घट. नमुना १०५ ते ११० अंशांवर कोरडा करा, वजन घ्या, ९५० अंशांवर दोन तास ठेवा, ओलावा न लागू देता थंड करा, पुन्हा वजन घ्या. कमी झालेलं वजन म्हणजे दाण्यावरचं रेझिन, कोलडस्ट आणि इतर जळण्याजोगा माल. पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या पोरांना जादू वाटली: काळी कुळकुळीत वाळू आत गेली आणि फिकट तांबूस होऊन बाहेर आली, जवळपास नव्यासारखी. 'जवळपास' हा शब्द मुद्दाम वापरलाय. रंग बदलला म्हणजे वाळू सुधारली असं नाही. मेलेली माती आणि सोडा जळत नाहीत, ते त्या सुंदर तांबूस दाण्यावर तसेच बसलेले असतात. ते दिसतात आम्लमागणीच्या, म्हणजे एडीव्हीच्या तपासणीत.

दाण्याच्या बारीकपणाचा आकडाही, म्हणजे एएफएस नंबर, दर आठवड्याला चाळून काढा. वाळू फिरताना दाणे फुटतात, बारीक कण वाढतात, नंबर चढत जातो. नंबर चढला की रेझिन जास्त लागतं आणि गॅस अडकून कास्टिंगला भोकं पडतात.

नमुना घेण्यातला सापळा: ढिगाच्या वरून मूठभर उचलू नका. मोठे दाणे घरंगळून पायथ्याला जातात. पाच-सहा ठिकाणांहून, जरा खोलातून घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तेच. रोज एकाच माणसाने घेतलेला बरा.

४. कुठल्या वाळूला कुठला उपाय

*फ्युरान.* इथे यांत्रिक रिक्लमेशन पुरतं. गोळे फोडायचे, दाणे एकमेकांवर घासायचे, धूळ ओढून घ्यायची. नीट चाललेल्या लाइनवर ८० ते ९० टक्के वाळू परत वापरता येते. पण एसजी ओतत असाल तर सावध राहा. हार्डनरमधलं सल्फर वाळूत साठतं, ते पृष्ठभागावरच्या मॅग्नेशियमला खातं, आणि वरच्या कातडीत ग्राफाइटचे गोळे बिघडतात. कास्टिंग आतून उत्तम, कातडी खराब. मशीनिंगला जाड भत्ता (कापून काढायचा जादा थर) असेल तर कळतही नाही, नसेल तर माल परत येतो.

*शेल.* थर्मल, म्हणजे भट्टीत जाळून. ६५० ते ८०० अंशांच्या दरम्यान रेझिन पूर्ण जळतं. मात्र महिन्याला थोडीच शेल वाळू निघत असेल तर स्वतःची भट्टी लावू नका. रेझिन-कोटेड वाळू बनवणारे काही पुरवठादार वापरलेली कोअर-वाळू घेऊन, जाळून, पुन्हा कोट करून जॉबवर्कने देतात. आम्ही तेच करतो. अट एकच, वाळू स्वच्छ आणि एकाच जातीची हवी. दुसऱ्या पायरीचे कप्पे इथे पैसे देतात.

*ग्रीन सँड.* ही अवघड. जास्तीची ग्रीन सँड थेट थर्मलमध्ये घालून कोअरला वापरायचा मोह होतो. तसं केलं तर माती दाण्यावर भाजून पक्की बसते, मडक्यावर चकाकी चढावी तशी. मग ती घासूनही निघत नाही, आम्लमागणी वाढते आणि कोअरला रेझिन ढोसावं लागतं. आधी कोरडी करून घासायची, माती काढायची, मग जाळायची, मग पुन्हा घासायची. एवढी साखळी एका लहान फाउंड्रीला परवडत नाही. हे काम सामायिक केंद्राचं. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजनेतून अशा सामायिक सुविधांना मदत मिळते, पण त्यासाठी चार मालकांनी एकत्र बसावं लागतं. हे काम यंत्रापेक्षा अवघड, याचा अनुभव घेतोय.

तोवर ग्रीन सँडची जास्तीची आवक कमी करा. नॉकआउटला मोठे कोअर-गोळे जाळीवरच अडवून शेलच्या कप्प्यात वळवा. गोळा फुटून सिस्टिममध्ये मिसळायच्या आधी उचलला, तर तो जास्तीही होत नाही आणि थर्मलला चांगला कच्चा मालही मिळतो.

*सिलिकेट.* खरं सांगायचं तर जमेल तिथे ही प्रक्रिया बंद करून दुसरीकडे वळा. आम्ही दोन पॅटर्न (साचा उठवायचे नमुने) सोडून बाकी सगळे फ्युरानवर नेले.

५. हिशेब

प्लांट विकणारा तुम्हाला फक्त नव्या वाळूचा दर विचारतो आणि त्यातून आपला प्रतिटन खर्च वजा करून दाखवतो. हिशेब एवढा सरळ नसतो.

वाचणाऱ्या बाजूला धरा: वाळूचा दर, घाटातून येण्याचं भाडं, उतरवायची हमाली, बाहेर टाकायचं भाडं. आपल्याकडे सिलिका येते मुख्यतः सिंधुदुर्गातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे पट्ट्यातून. पावसाळ्यात ती ओली येते, दरड कोसळली की येतच नाही. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता तेव्हा गाडीची वाट बघत बसलेले सगळेच आठवतील. त्या उभ्या दिवसांची किंमत वहीत कुठल्याच रकान्यात येत नाही, पण ती धरा.

खर्चाच्या बाजूला धरा: वीज किंवा गॅस, झिजणारे भाग, एक जादा माणूस, धूळ-गोळा यंत्रणेची वीज, आणि वाया जाणारी बारीक धूळ. शंभर टन आत गेली म्हणजे शंभर टन परत मिळत नाही. विक्रेत्याच्या कागदावर बहुतेक वेळा मिळते.

यंत्र पूर्ण भाराने चालेल का हेही पाहा. थर्मल भट्टी रोज पेटवून विझवणं म्हणजे दिवसाचं पहिलं इंधन विटांना तापवण्यात घालवणं. तेवढी वाळू नसेल तर आठवडाभर साठवून सलग दोन दिवस चालवा.

अनुदानाबद्दल: 'सर्क्युलर इकॉनॉमीची सबसिडी आहे' म्हणत एजंट येतील. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने सुरू केलेली एमएसई-स्पाइस योजना चक्रीय अर्थव्यवस्थेसाठीच आहे, पण तिचा रोख प्लास्टिक, रबर आणि ई-कचरा या क्षेत्रांवर आहे. फाइल करायला आगाऊ पैसे देण्याआधी तुमचा उद्योग त्यात बसतो का, हे जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. झेड (दोष शून्य, पर्यावरणावर परिणाम शून्य) प्रमाणपत्राच्या शुल्कात मात्र सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. त्या निमित्ताने मोजणीची शिस्तही लागते.

६. कागदपत्रं

यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र काढून वाचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते फक्त फ्रेम करून लावलेलं आहे. त्यात घनकचऱ्याच्या तक्त्यात वापरलेल्या वाळूचं प्रमाण आणि विल्हेवाटीची पद्धत लिहिलेली असते. तुम्ही पद्धत बदलणार असाल तर तो तक्ता बदलून घ्यावा लागतो. थर्मल भट्टी म्हणजे नवं इंधन आणि नवी चिमणी, तिच्यासाठी आधी सुधारित संमती लागते. यंत्र बसवून मग अर्ज केला तर अर्जात काय लिहायचं हाच प्रश्न पडतो.

फाइलमध्ये हे ठेवा:

- चालू संमतिपत्र आणि सुधारणेच्या अर्जाची पोच
- वाळू, रेझिन, बेंटोनाइट खरेदीची बिलं आणि काट्याच्या पावत्या
- वापरलेल्या वाळूचा लीचिंगसह (वाळूतून पाण्यात काय उतरतं त्या तपासणीसह) प्रयोगशाळा अहवाल, प्रत्येक कप्प्याचा वेगळा
- वाळू घेणाऱ्याशी लेखी करार आणि त्याच्या स्वतःच्या संमतिपत्राची प्रत
- प्रत्येक गाडीचं डिलिव्हरी चलन, वाळू फुकट दिली तरी
- वार्षिक पर्यावरण विवरण, फॉर्म ५, दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत
- घातक कचऱ्याची नोंदवही फॉर्म ३ मध्ये, वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनच्या आत, आणि पाठवणीचं मॅनिफेस्ट फॉर्म १० मध्ये

शेवटचा मुद्दा वाळूचा नाही, पण वाळूवाल्यांनाच नडतो. मशीनमधलं वापरलेलं हायड्रॉलिक तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते मागच्या ढिगावर ओतायची सवय अजून आहे. लिटरभर तेलाने कप्पाभर वाळू आणि तिचा रिपोर्ट, दोन्ही वाया जातात. तेल वेगळ्या पिंपात, छपराखाली, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही.

७. ट्रायल: घाई नको

एक सोपा, जाड, कमी किमतीचा पॅटर्न निवडा. परत आलेली वाळू ३० टक्क्यांपासून सुरू करा, दोन आठवडे रिजेक्शन बघा, मग ५०, मग ७०. प्रत्येक टप्प्याला कास्टिंगवर वेगळी खूण करा, म्हणजे मशीनशॉपमधून परत आलेला नग कुठल्या मिश्रणाचा ते कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही वाळूचं प्रमाण आणि रेझिनचा ब्रँड एकाच आठवड्यात बदलला आणि भोकं कशामुळे पडली हे आजवर कळलेलं नाही.

दुसरा किस्सा एप्रिलमधला. रिक्लेम्ड वाळू थंड करणारा कूलर आम्ही 'नंतर घेऊ' म्हणून टाळला होता. दुपारी हॉपरमधली वाळू हाताला चटका देत होती. मिक्सर सुरू केला, पहिला साचा भरला, दुसऱ्याला वाळू येईपर्यंत स्क्रूवरच फ्युरान घट्ट झालं. संपूर्ण दुपार चार माणसं छिन्नी-हातोड्याने मिक्सर फोडत होती. गरम वाळूत फ्युरानला काम करायला वेळच मिळत नाही. वाळू ३५ अंशांच्या वर असेल तर मिक्सर चालू करायचा नाही, हे आता मिक्सरच्या पॅनलवर लिहिलंय. कूलर प्लांटबरोबरच घ्या.

आणि मास्क. वाळू जितकी फिरेल तितकी बारीक धूळ होते, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिस हा कायद्याने कळवावा लागणारा आजार आहे. क्रशर आणि चाळणी बंदिस्त करा, त्यावर धूळ ओढून घेणारा पंखा ठेवा, आणि जमीन झाडायला कोरडा झाडू वापरू नका. रुमाल बांधून काम होत नाही, तरी आमच्याकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी रुमालच बांधलेला सापडतो.

८. उरलेली वाळू कुणाला द्यायची

कितीही केलं तरी काही वाळू बाहेर जाणारच. पेव्हर ब्लॉक, विटा, भराव, सिमेंटचा कच्चा माल, अशी गिऱ्हाइकं असतात. पेव्हरवाल्याला देताना सांभाळा. ग्रीन सँडमधली माती आणि कोलडस्ट पाणी जास्त पितात, त्यामुळे काँक्रीट कमजोर होतं आणि ब्लॉक काळपट दिसतो. नव्या वाळूचा थोडाच भाग बदलायला सांगा, तोही खालच्या थरात. ब्लॉकची ताकद आयएस १५६५८ प्रमाणे तपासून घ्यायला लावा. फ्युरान किंवा शेलची धुऊन-चाळून दिलेली वाळू त्यांना जास्त आवडते, पण ती तर आपल्यालाच हवी असते.

'घेऊन जातो, कुठे टाकतो ते विचारू नका' म्हणणारा सगळ्यात स्वस्त पडतो. त्याला देऊ नका. ओढ्याकाठची ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही.

९. धातूकडेही एक नजर

रनर-रायझर परत वितळतो म्हणजे फुकट, असं आपण धरतो. हिशेब करून पाहा. समजा तुमची यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूतून मिळणारा चांगला माल, ६२ टक्के आहे. एक टन चांगल्या कास्टिंगला सुमारे १६१३ किलो धातू वितळवावा लागतो. रायझर नीट बसवून यील्ड ६६ वर नेली तर १५१५ किलो पुरतो. टनामागे जवळपास ९८ किलो कमी. इंडक्शन भट्टीला टनाला ६०० युनिट धरले तर ५८-५९ युनिट वाचतात. महिन्याला १०० टन माल काढणाऱ्याचे सुमारे ५,९०० युनिट झाले. शिवाय तेवढ्या धातूभोवतीची वाळूही वाचली.

रिटर्न (म्हणजे हेच रनर-रायझर) भट्टीत टाकण्याआधी शॉटब्लास्ट करा, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्याने साफ करा. चिकटलेली वाळू म्हणजे जादा स्लॅग (धातूवरची मळी), आणि स्लॅग म्हणजे भट्टीच्या लायनिंगची झीज. ग्रे (साधं ओतीव लोखंड) आणि एसजीचे रिटर्न वेगळे ठेवा, तिथेही कप्प्याला रंग द्या.

मशीनशॉपचं बोरिंग (कापकामातला लोखंडी चुरा) परत घेत असाल तर ते ब्रिकेट करून (दाबून वड्या करून) किंवा निदान पूर्ण कोरडं करून घ्या. कूलंटने भिजलेलं बोरिंग पातळ धातूवर टाकलं तर उडतं. आमच्याकडे एकदा लॅडलवाल्याच्या बुटापर्यंत थेंब आले होते. त्या दिवसापासून बोरिंगचं पोतं भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर नेण्याआधी दोन दिवस भट्टीमागच्या गरम भिंतीला टेकून ठेवतो. पोत्यावर खडूने तारीख लिहायची, आणि तारीख नसलेलं पोतं वर चढवायचं नाही.